चाकाखालची चार लिंबे

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोनच माणसांची गाडी आहे. लोक मला स्पोर्ट्स कार म्हणतात. खेळ कसला आणि कुणाचा, हे मला सोळा वर्षांत कळले नाही. मी जमिनीला इतकी लागून आहे की माझ्यात बसायचे तर पाटावर जेवायला बसायची सवय हवी आणि उठायचे तर गुडघे शाबूत हवेत. कंपनीचे नाव सांगत नाही. पडत्या काळात कुळाची बढाई मारू नये.

खरे सांगायचे तर मी दमले आहे. धावून दमले असते तर वाईट वाटले नसते, त्यासाठीच तर मला घडवले. मी दमले ती पुन्हा पुन्हा विकली जाऊन. मला घासूनपुसून लख्ख करतात ते विकायच्या वेळी. एरवी धूळ आणि मी, मी आणि धूळ. त्यामुळे कुणी मऊ फडके घेऊन जवळ आले की मला आनंद होत नाही, नवा मालक दिसू लागतो.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे पिकल्या केसांचा एक कामगार होता. रात्रभर थंड पडलेले माझे इंजिन त्याने सकाळी सुरू केले, मान वाकवून ऐकले आणि एका कागदावर सही केली. त्या सहीचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. मग जहाज, मग बंदर, मग ट्रकच्या पाठीवर बसून बेंगळुरू. धावण्यासाठी जन्मलेली मी इथवर दुसऱ्याच्या पाठीवर आले, ही सुरुवातच काही बरी नव्हती.

माझे पहिले मालक यशोवर्धन. शहराच्या टोकाला, व्हाइटफील्डला, त्यांचा मोठा बंगला होता. रविवारी पहाटे ते मला रिकाम्या रस्त्यावर नेत आणि मनसोक्त पळवत. ते दिवस मी विसरणार नाही. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो आणि बाकीच्या दिवशी व्हाइटफील्डच्या गर्दीत माझ्यापेक्षा भाजीची हातगाडी पुढे जाई. प्रत्येक गतिरोधकावर माझे पोट खरचटे. चार वर्षांत त्यांना माझा कंटाळा आला, माझ्या जागी माझ्याहून तरुण गाडी आली, आणि मला खोळ घालून कोपऱ्यात लोटले. दोन वर्षे त्या खोळीत काढल्यावर मला लिलावात काढले.

मित्रांनो, बैलबाजारात गिऱ्हाईक निदान जनावराचे दात पाहते, पाठीवर थाप मारते, चार पावले चालवून बघते. माझा बाजार मोबाइलमध्ये भरला. सगळ्या बाजूंनी माझे फोटो काढले, ते सात दिवस एका संकेतस्थळावर टांगले, आणि ज्यांनी मला कधी पाहिले नाही असे लोक घरबसल्या बोली लावू लागले. शेवटच्या दोन मिनिटांत नवी बोली आली की घड्याळ आणखी दोन मिनिटे पुढे सरके. असे ते अकरा वेळा सरकले. शेवटी मुकुल नावाच्या पुण्याच्या अभियंत्याने मला जिंकले. हो, तिथे गाडी विकत घेत नाहीत, जिंकतात. जिंकलेल्या वस्तूचे पुढे काय होते ते शाळेतल्या ढालींना विचारा.

मुकुल बेंगळुरूच्याच इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. मुलगा वाईट नव्हता, पण आळशी होता. माझे तेल बदलायचे ते "पुढच्या वीकेंडला." असे किती वीकेंड गेले याची गणती नाही. त्याच्याकडेच मला एक दुखणे जडले. माझ्या इंजिनात एक साखळी आहे, मेकॅनिक तिला टायमिंग चेन म्हणतात. ती ताणून धरणारा भाग झिजला. रात्रभर उभी राहिले की तिथले तेल खाली उतरते, साखळी सैल पडते, आणि सकाळी मला सुरू केले की पहिले तीन सेकंद ती आत खरखरते. मग तेल चढते आणि सगळे शांत होते. दिवसभर मग कुणाला पत्ता लागत नाही. पण हे तीन सेकंद असेच वाढत गेले आणि एखाद्या दिवशी साखळी निसटली, तर माझे इंजिन तिथल्या तिथे संपेल.

मुकुलने मला विकायला काढले तेव्हा त्याला हे माहीत होते. लिलावात जुन्या गाडीचा एक व्हिडिओ मागतात, पूर्ण थंड इंजिन सुरू करण्याचा, कारण दुखणे असेल तर ते तेव्हाच बोलते. व्हिडिओच्या आधी मुकुलने मला वीस मिनिटे चालू ठेवले, बंद केले, थोडा वेळ थांबला आणि मग कॅमेरा लावून पुन्हा सुरू केले. मी गप्प राहिले. गरम इंजिनाला खरखरता येत नाही. "अरे, सगळेच असं करतात," तो फोनवर मित्राला सांगत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा खोटे बोलले, आणि ते माझ्या इच्छेने नव्हते.

त्या व्हिडिओवर विश्वास ठेवून मला घेतले ते हयवदनरावांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तीनचारशे वर्षांपूर्वी या बाजूला येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले ते. घरात मराठी, दारात कानडी आणि दोन्हींची सरमिसळ जिभेवर. चौतीस वर्षे त्यांनी एका सरकारी कारखान्यात विमानाची इंजिने तपासली होती. थंड इंजिन स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय त्यांनी एकाही चाचणीपत्रावर सही केली नाही, असे त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई आल्यागेल्याला सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांना आयुष्यात एकच चैन करायची होती आणि ती चैन म्हणजे मी.

पहिल्या सकाळी अण्णा माझ्यात बसले, डोळे मिटले आणि मला सुरू केले. तीन सेकंद खरखर झाली. अण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"फसवला की रे," ते एवढेच म्हणाले.

मुकुलला फोन केला तर तो म्हणाला, "काका, माझ्याकडे होती तेव्हा असं काही नव्हतं." अण्णांनी भांडण केले नाही. नवी साखळी आणि तिचे सगळे सामान त्यांनी परदेशातून मागवले. तीन महिन्यांनी खोके आले. इंजिन खाली उतरवून हे काम मी स्वतः करणार, असे त्यांनी घरात जाहीर केले. पण तेवढ्यात त्यांचे हात थरथरू लागले. आधी स्वल्प, मग चहाचा कप बशीत वाजेल इतके. ते खोके अक्कांच्या, म्हणजे अनुसूयाबाईंच्या, लोणच्याच्या बरण्यांखाली कपाटात जाऊन बसले. मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला अण्णा तयार नव्हते. "पुढच्या महिन्यात मीच करतो," ते म्हणत. त्यांनी माझी काळजी घेतली नाही असे मी कसे म्हणू? रोज सकाळी ते मला हळूच सुरू करत, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत नेत आणि परत आणत. पण मुकुलचा वीकेंड आणि अण्णांचा पुढचा महिना, यांत माझ्या साखळीला काही फरक कळला नाही. अशी सहा वर्षे गेली.

गेल्या वर्षी घरमालकाने घर पाडून नवे बांधायचे ठरवले. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत जागा रिकामी करायची होती. अण्णा-अक्का त्यांच्या मुलीकडे, अनुषाकडे, व्हाइटफील्डला जाणार होते आणि तिच्या सोसायटीत गाडीची जागा एकच होती. अण्णांना डॉक्टरांनी गाडी चालवायलाही मनाई केली होती. म्हणून अनुषाने मला लिलावात घातले. मऊ फडके आले तेव्हाच मी ओळखले.

"अण्णा, त्या खरखरीचं लिहिलं तर भाव पडेल. लिहायचं काय?" अनुषाने विचारले होते.

"लिहायला कशाला पाहिजे? थंड इंजिनाचा व्हिडिओ काढतील. ज्याला कान आहेत त्याला ऐकू येईल," अण्णा म्हणाले. त्या बोलण्यात मला मुलीला नाही म्हणता न येणारा बाप ऐकू आला, पण खोटारडा माणूस नाही.

लिलाव कंपनीचा विराट नावाचा माणूस आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी सात वाजता येणार होता. फुले घातलेल्या गाडीचे फोटो चांगले येतात, असे त्याचे म्हणणे. आधी थंड इंजिनाचा व्हिडिओ, मग पूजा, असे ठरले. पण सणाच्या बाजाराने रस्ते तुंबले होते. आठ वाजता विराटचा फोन आला की अडकलो आहे. नऊला आला, अजून अडकलो आहे. दहा वाजता अक्कांचा धीर सुटला.

"बाराला राहुकाळ लागतो. त्या फोटोवाल्याच्या नादानं पूजा चुकवायची काय?"

मला हळदकुंकू लावले, शेवंतीची माळ घातली, कोहळा फोडला. चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवले. आता गाडी पुढे घेऊन लिंबे चिरडायची, म्हणजे दृष्ट उतरते, अशी इथली रीत.

"इंजिन सुरू करायला नको," अण्णा म्हणाले. "सुम्ने, नुसती ढकलूया."

"अय्यो! आयुधपूजेला गाडी ढकलायची?" अक्कांनी कपाळाला हात लावला. "वर्षभर ढकलतच बसाल. सुरू करा."

अण्णांनी मला सुरू केले. मी खरखरले. चारी लिंबे फुटली. आरती, प्रसाद, शेजाऱ्यांच्या स्कूटरांची पूजा होईपर्यंत कौतुकाने मला चालूच ठेवले, मग बंद केले. पाऊण तासाने विराट घामाघूम होऊन आला. त्याला अजून दोन गाड्या करायच्या होत्या. त्याने भराभर फोटो काढले, कॅमेरा लावला आणि अण्णांना खूण केली.

अण्णांनी डोळे मिटून किल्ली फिरवली. मी एका दमात सुरू झाले, गुळगुळीत, निमूट. अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी आधी चाकाखालच्या लिंबाकडे पाहिले, मग अक्कांकडे, मग अनुषाच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे. विराटने फोन पुढे केला आणि कानडीत म्हणाला, "अण्णा, इथं बोटानं सही करा. इंजिन थंड होतं, वरचं सगळं खरं आहे म्हणून."

अण्णांनी सही केली.

मित्रांनो, मुकुलने मला खोटे बोलायला लावले तेव्हा मला राग आला होता. अण्णांचा राग आला नाही, फक्त फार थकवा आला. पुढचे सहा दिवस ते माझ्याजवळ फिरकले नाहीत. मी व्हरांड्याला लागूनच उभी होते. ते खुर्चीत बसत ते माझ्याकडे पाठ करून. "आपण काही केलं नाही, घडलं," असे एकदा अक्कांना म्हणताना मी ऐकले. अक्कांनी त्यांना विचारले नव्हते. इकडे माझी बोली चढत होती. "इतक्या जुन्या गाडीचं इतकं शांत इंजिन!" असे लोक फोटोंखाली लिहीत आणि अनुषा ते मोठ्याने वाचून दाखवी.

सातव्या दिवशी, लिलाव संपायला दोन तास उरले असताना, बोली लावणाऱ्या शमिका नावाच्या एका मुलीने खाली प्रश्न लिहिला. अनुषा व्हरांड्यात बसून वाचू लागली आणि अर्ध्यात थांबली.

"वाच की," अण्णा म्हणाले.

"ती विचारतेय, फोटोत चारी चाकांखाली चिरडलेली लिंबं दिसताहेत. म्हणजे व्हिडिओच्या आधी गाडी पुढे घेतली होती. मग इंजिन थंड कसं?" अनुषाने फोन खाली ठेवला. "नाशिकची आहे म्हणे, इथंच नोकरी करते. अण्णा, मी लिहिते, गाडी रात्रभर बंद होती. ते खोटं नाही."

"रात्रभर बंद होती. सकाळी नव्हती."

"पूजेचं कोण मोजतं? आठ-दहा दिवसांत घर सोडायचंय आपल्याला."

"लिंबं मी ठेवली," अक्का दारातून म्हणाल्या. "दोष माझ्यावर घाला."

"तू लिंबं ठेवलीस. सही मी केली." अण्णा उठले, सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळले आणि माझ्या टपावर हात ठेवला. "लिही. व्हिडिओ गरम इंजिनाचा आहे. थंड इंजिन तीन सेकंद खरखरतं. टायमिंग चेन बदलायला झाली आहे, नवी खोक्यात पडून आहे. हे मला ठाऊक होतं."

"शेवटचं वाक्य कशाला?"

"तेच मुख्य आहे. लिही."

अनुषाने लिहिले. तिचे डोळे भरले होते, रागाने की कशाने ते मला सांगता येणार नाही. तिथला नियम असा की मालाबद्दल नवे काही उघड झाले तर लावलेली बोली मागे घेता येते. अर्ध्या तासात वरच्या दोन्ही बोल्या गेल्या. जाता जाता एकाने लिहिले, "वयस्कर माणूस म्हणून विश्वास ठेवला होता." अण्णांनी ते दोनदा वाचायला लावले. उरली ती एकट्या शमिकाची बोली, अण्णांनी ठरवलेल्या किमतीच्या कितीतरी खाली. ती नाकारायचा त्यांना हक्क होता.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "तिला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शमिका आली. ती एका कंपनीत यंत्रांचे आराखडे करते, केस घट्ट बांधते आणि कमी बोलते. तिने माझ्या रंगाकडे पाहिले नाही. सरळ पुढे येऊन तिने बॉनेटवर तळहात ठेवला. आजवर इतके लिलाव, इतके फोटो, पण विकत घेणाऱ्याचा हात असा माझ्यावर कधी पडला नव्हता. मला रडता आले असते तर मी तेव्हा रडले असते.

"थंड आहे," ती म्हणाली. "आता सुरू करा, काका."

मी खरखरले, तीन सेकंद. कुणी तोंड फिरवले नाही.

"तुम्ही तर इंजिनंच तपासायचात ना?" तिने विचारले. "मग सहा वर्षं ही चेन तशीच का?"

अण्णांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. "बोल्ट धरवत नाही ग. आणि दुसऱ्याला सांगायची लाज वाटली."

शमिकाने बरण्यांखालचे खोके मागून घेतले. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका गॅरेजमध्ये माझे इंजिन उतरवले. घर हलवून झाल्यावर अण्णा रोज व्हाइटफील्डहून मेट्रोने तिथे येऊन प्लास्टिकच्या स्टुलावर बसत आणि मेकॅनिकला इतक्या सूचना देत की तो बिचारा दर तासाला म्हणे, "अण्णा, तुम्ही स्वल्प चहा घ्या." पाच दिवसांनी काम झाले. शमिकाने मला रात्रभर तिथेच उभे ठेवायला सांगितले.

सकाळी तिने अण्णांचा हात धरून बॉनेटवर ठेवला.

"थंड?"

"थंड," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शमिकाने किल्ली फिरवली. एक सेकंद. दोन. तीन. आत फक्त इंजिनाचा आवाज होता. अण्णा तरीही मान वाकवून ऐकतच राहिले. मग शमिकाने त्या जुन्या खोक्याची एक पट्टी फाडली आणि पेनसकट त्यांच्यापुढे धरली.

"सही करा, काका. थंड इंजिन ऐकलं म्हणून."

"माझ्या सहीचं काय राहिलं? मागची खोटी होती."

"म्हणून तर नवी मागतेय."

पेन दोनदा घसरले. तिसऱ्यांदा जमले. अण्णांनी ती पट्टी स्वतः माझ्या डाव्या बाजूच्या कप्प्यात ठेवली, दार लावले आणि मेट्रोकडे चालू लागले. त्यानंतर ते आलेले नाहीत. व्हाइटफील्ड लांब आहे.

मित्रांनो, शमिका माझी चांगली काळजी घेते. तरी मी पुन्हा विकली जाणार नाही असे मी म्हणणार नाही, एवढी भाबडी मी राहिलेले नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझी बोली लावलीच, तर माझ्या फोटोंना भुलू नका. सकाळी लवकर या, माझ्यावर हात ठेवा आणि मला माझे पहिले तीन सेकंद बोलू द्या. घरातल्या थकलेल्या माणसांनाही तसेच बोलू द्या. दुखणे झाकून ठेवायला त्यांनाही फार कष्ट पडतात. आणि कप्प्यात तुम्हाला पुठ्ठ्याची एक पट्टी सापडेल. तिच्यावरची सही वाकडी आहे. तिला हसू नका.